बागेत येशू कोणाशी बोलत होता

हिंगोली जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की नगरच्या आमच्या गल्लीत पहिला प्रश्न येतो, "औंढ्याला दर्शन घेतलं का?" मी ख्रिस्ती बाई, औंढ्याला कशाला जाईन, हे लक्षात यायला त्यांना जरा वेळ लागतो. मग दुसरा प्रश्न, "मग तिकडे पाहण्यासारखं आहे तरी काय?" आहे की. हळद आहे, ज्वारी आहे, एप्रिलचं ऊन आहे आणि शेवंता होती. शेवंतासाठी मी गेले आणि सहा दिवसांनी परत आले ती अशी आले की कुणाशी बोलवेना. आता महिना झाला. लिहून काढते, म्हणजे निदान छातीवरचं ओझं कागदावर तरी उतरेल.

शेवंता माझी विद्यार्थिनी. नगरला आमचा बायकांचा प्रशिक्षण वर्ग होता. खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती बायका सहा महिने येऊन राहायच्या, शास्त्र म्हणजे बायबल शिकायच्या आणि आपापल्या गावी जाऊन मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, सांभाळायच्या. मी तिथे मंडळीचा इतिहास शिकवायचे. शेवंता जालन्याकडची, लग्न होऊन सेनगाव तालुक्यात गेलेली. तीस-पस्तीस वर्षं तिने गोरेगावच्या पुढच्या एका वस्तीवर अकरा घरांची मंडळी चालवली. नवरा गेला तरी चालवली. अधूनमधून फोन यायचा. मार्चमध्ये आला तेव्हा आवाज पार खाली गेलेला.

"बाई, एकदा येऊन जा. पोटाचं दुखणं हाय. नांदेडच्या डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलंय. त्याचं काही न्हाई. पण कृपा माझ्या हातची भाकर घेत न्हाई."

कृपा तिची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन त्याच वस्तीत, आईपासून चार घरांवर. भाकर म्हणजे प्रभुभोजनाची, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून उपासनेत वाटून घेतात ती. मंडळीत दोन वर्षांपूर्वी फूट पडली होती. एक तरुण पास्टर मोटारसायकलवरून यायला लागला आणि सांगू लागला की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन नावांनी झालेला बाप्तिस्मा खरा नाही, तो फक्त येशूच्या नावाने व्हायला हवा. सात घरं तिकडे गेली, त्यांत कृपा पहिली. चार घरं शेवंताकडे राहिली. आता एका बाजूची भाकर दुसरी बाजू घेत नव्हती.

"मरायच्या आधी एकदा तिनं माझ्या हातची घ्यावी, बस," शेवंता म्हणाली. "तुमी शिकलेल्या. तुमचं ऐकंल ती."

माझं ऐकेल! मला तेव्हा बरंच वाटलं, हे कबूल करते. निवृत्त झाल्यापासून माझं घरातलं मांजरसुद्धा ऐकत नाही.

बुधवार, गोरेगावची जीप

एसटीचा प्रवास सांगण्यासारखा नव्हता. हिंगोलीला उतरले, सेनगावमार्गे गोरेगावला जाणारी जीप धरली. आमच्याकडे जीपमध्ये दहा माणसं बसली तर लोक कुरकुर करतात. इथे चौदा बसली आणि ड्रायव्हर म्हणतो, "मावशी, जरा सरका, जागा लई हाय." माझ्या शेजारी एक धनगर आजोबा होते, मांडीवर करडू. करडू माझ्या पदराचं टोक चघळत होतं आणि आजोबा माझ्या गळ्यातला क्रूस न्याहाळत होते.

"किरिस्ताव का तुमी?"

"हो."

"मग मला एक सांगा. तुमचा देव एक हाय का तीन? आमच्या शेतातल्या घराजवळ, आखाड्याजवळ, तुमच्या लोकांची वस्ती हाय. माय-लेकीचं बोलणं बंद हाय यावरनं. आमचं भांडण बांधावरनं असतं बाई, ते मोजता तरी येतं."

सगळी जीप माझ्याकडे पाहायला लागली. अहो, तेहतीस वर्षं ज्या विषयावर मी धडे दिले, त्यावर मला त्या जीपमध्ये एक वाक्य सुचेना. "एकच," म्हणाले कसंबसं. आजोबांनी मान हलवली. "मग भांडत्यात काहून?" करडाने तेवढ्यात पदराचा काठ उसवला आणि माझी सुटका झाली.

शेवंता खाटेवर होती. मी ओळखलं नाही तिला. वर्गात ती अशी दणकट होती की पाण्याचे दोन हंडे एकावर एक घेऊन यायची. आता पांघरुणाखाली माणूस आहे की नाही कळेना. पण तिने मला पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "बाई, तुमी म्हाताऱ्या झाल्या."

"आणि तू काय सोळा वर्षांची राहिलीस?"

ती हसली, मग खोकली, मग बराच वेळ आम्ही दोघी रडलो. तिची पुतणी मालन तिची देखभाल करत होती. तिने जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वर कच्चं तेल वाढलं. आमच्याकडे भाजीवर असं तेल ओतलं तर सासू घर सोडून जाईल. इथे ओतलं नाही तर पाहुणा रुसतो. मी ताट पुसून खाल्लं.

पुढची खोली म्हणजेच मंडळी. एक टेबल, पांढरा कपडा, भिंतीवर लाकडी क्रूस. प्रभुभोजनासाठी आमच्या शहरातल्या चर्चमध्ये बेकरीचा पाव येतो. इथे शेवंताची रीत वेगळी. ती त्यासाठी गहू वेगळे निवडायची, एकेक खडा बघून, आणि स्वतः पोळी लाटायची. पोळी असली तरी म्हणायचं भाकरच. मनुका भिजवून त्याचं पाणी प्याल्यात. हे सगळं तिने कृपाला शिकवलं होतं. आता दर रविवारी वस्तीत दोन घरांत तशी पोळी भाजली जात होती.

गुरुवार, कृपाचं खळं

कृपाकडे गेले तर हळद शिजवणं चाललेलं. लोखंडी ढोलातून वाफ निघतेय, खळ्यावर पिवळाधमक थर पसरलेला आणि कृपा डोक्याला फडकं बांधून फावड्याने हळद पसरतेय. आईचाच चेहरा, आईचेच खांदे. मी शहाणी पांढरं लुगडं नेसून गेले होते. दोन पावलांत काठ पिवळा. तिने धावत येऊन साबण लावला आणि डाग लालभडक झाला. कपाळ माझं!

"घाबरू नका बाई," ती म्हणाली. "उन्हात वाळू द्या. हळदीचा डाग उन्हानं जातो."

चहा झाला. साखर इतकी की चमचा उभा राहावा. मग मी माझं प्रवचन काढलं. आई आजारी आहे, एकदा जा, एक घास घे, देव काही तुझ्यावर रागावणार नाही, वगैरे. ती ऐकून घेत होती. माझं संपलं तशी म्हणाली, "बाई, मी आईवर रुसले न्हाई हो. मला भ्या वाटतं."

"कशाचं?"

"न्यायाच्या दिवशी मी आत आन् ती बाहेर उभी राहिली तर? माझा जीव तुटतो. मी तिच्या पाया पडले. म्हणलं, आई, एकदा शेततळ्यात उतर, एकदाच बुडी. मी धरते तुला. ताडपत्री निसरडी हाय, दोर बांधू. न्हाई म्हणते. काहून न्हाई म्हणते ती?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला पहिल्यांदा कळलं की इथे हट्ट कुणाचाच नाही. आईला वाटतंय लेकीने पित्याचं आणि आत्म्याचं नाव पुसून टाकलं. लेकीला वाटतंय आई बाप्तिस्म्याशिवाय मरतेय. दोघी एकमेकींसाठी घाबरलेल्या.

मी शास्त्र काढायला लागले. पहिल्या काळातही असंच झालं होतं, म्हटलं. काही शिक्षक म्हणायचे, देव एकच, तोच कधी पिता होतो, कधी पुत्र, कधी आत्मा. मंडळीने ते मानलं नाही.

कृपाने मला मध्येच थांबवलं. "पण बाई, ते तर तुमचंच हाय."

"माझं?"

"तुमचाच दृष्टांत. आईनं आमाला लहानपणापासून सांगितला. 'आमच्या बाई म्हणायच्या, मी एकच. शाळेत मला बाई म्हणतात, घरी माझी लेकरं आई म्हणतात, माहेरी मला बेबी म्हणतात. नावं तीन, माणूस एक. तसा देव.' बराबर हाय ना? पास्टर आले तवा त्यांनी तेच सांगितलं. मी म्हणलं, हे तर आमाला ठाऊकच हाय. माणूस एकच हाय तर त्या एकाचं नाव घेतलं की झालं. तीन कशाला?"

माझ्या हातातला कप खाली ठेवला गेला.

वाचकहो, तुम्हाला हा फरक बारीक वाटेल, म्हणून थोडक्यात सांगते. नावं तीन आणि माणूस एक, हीच ती शिकवण जी पहिल्या मंडळीने चूक ठरवली. कारण मग पुत्र आणि पिता एकमेकांशी बोलणार कसे, एकमेकांवर प्रीती कशी करणार? आरशासमोर उभं राहून? मला हे चांगलं ठाऊक होतं. पुरुषांच्या पाळक-वर्गाला मी हे दोन तास शिकवायचे, चौथ्या शतकातली नायसियाची सभा, बादशहा, हद्दपार झालेले पाळक, सगळं. खेड्यातल्या बायकांच्या वर्गाला मात्र मी तो बेबीचा दृष्टांत द्यायचे. सोपा होता. पाच मिनिटांत व्हायचा. त्यांना एवढं खोल कशाला, असं मला वाटायचं. असं वाटायचं हे लिहिताना आजही मान वर होत नाही.

"तो दृष्टांत चुकीचा होता, कृपा," मी म्हणाले.

ती फावडं टेकवून उभी राहिली. "मग तवा दिला काहून?"

"सोपा होता म्हणून."

ढोलाखालचा जाळ तिच्या नवऱ्याने येऊन सारला, तो माझ्याकडे पाहून नुसता नमस्कार करून गेला.

"तुमी सोपा म्हणून दिला," ती शेवटी म्हणाली, "आन् आईनं तो शेवटपर्यंत खरा धरला. आता तुमी म्हणता चुकला. उद्या आणखी कोणी येऊन म्हणंल, बाई आता चुकल्या. मी त्या पाण्यात उतरले बाई. वर आले तवा मला इतकं हलकं वाटलं. ते बी खोटं का?"

"नाही गं. ते खोटं नाही."

"मग?"

मी तिची माफी मागितली. शिकवणाऱ्या माणसाला माफी मागायची सवय नसते, जीभ अडखळते. माझी अडखळली. निघताना ती खळ्याच्या कडेपर्यंत आली आणि म्हणाली, "रविवारी येते मी आईकडं. भाकर घेईन का न्हाई, सांगत न्हाई. पण येऊन बसते."

दोन वर्षांत ती त्या खोलीत बसली नव्हती.

शुक्रवार, शेवंताची खाट

रविवारी कृपा येणार म्हटल्यावर शेवंताने मालनला सूप आणायला लावलं आणि खाटेवर पडल्या पडल्या गहू निवडायला घेतले. बोटांत जोर नव्हता. दहा दाणे निवडायची, थांबायची. मी मदत करू गेले तर माझा हात बाजूला केला. "तुमाला खडा दिसायचा न्हाई. चष्मा बदला आधी."

दुपारी उन्हं कलली तशी मी तिला सांगून टाकलं. तो दृष्टांत, माझी चूक, सगळं. ती ऐकत होती, बोटं गव्हात.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"मी तुमाला तवाच इचारलं व्हतं. तुमी फळ्यावर लिहून राहिल्या व्हत्या. मी उठून म्हणलं, बाई, माणूस एकच हाय तर शिपाई धरायला आले त्या राती येशू बागेत कोणाशी बोलत व्हता? घाम गळून राहिला, आन् बापा बापा म्हणून रडून राहिला. सोताशीच बोलत व्हता का? सगळ्या बाया हसल्या. तुमी म्हणल्या, शेवंता, जेवणाची घंटा झाली."

मला आठवेना. मनापासून सांगते, कितीही आठवून पाहिलं तरी आठवेना. तिने मात्र ते सगळी वर्षं जपलं होतं. तिचा प्रश्न हाच तो प्रश्न होता, ज्यावर मोठमोठे पाळक भांडले, देशोधडीला लागले. खेड्यातून आलेल्या बाईने तो सहा महिन्यांच्या वर्गात उभं राहून विचारला होता आणि मी तिला जेवायला पाठवलं होतं.

"मग तू दृष्टांत का देत राहिलीस?"

"तुमी दिलेला व्हता ना," ती म्हणाली. जणू यात विचारण्यासारखं काही नाही.

मी तिला त्या दिवशी उत्तर दिलं. उशिरा का होईना, पूर्ण दिलं. तो स्वतःशी बोलत नव्हता, म्हटलं. खरोखर पित्याशी बोलत होता. पिता वेगळा, पुत्र वेगळा, आत्मा वेगळा, आणि तरी देव एकच. हे कुणाला नीट सांगता येत नाही. पण जग व्हायच्या आधीपासून तिथे एकमेकांवर प्रीती करणारं कुणीतरी आहे, एवढं मंडळीने धरून ठेवलं.

"म्हंजी ऐकणारं कोणीतरी व्हतं तिथं."

"होतं."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "मला वाटायचं, एकटाच व्हता की काय बिचारा." आणि तिने डोळे मिटले.

मग मी तिला नायसियाची गोष्ट सांगितली. बादशहाने पाळक जमवले, पिता आणि पुत्र यांच्या नात्यावर वाद झाला, ठराव झाला, आणि त्यानंतरही माणसं कितीतरी वर्षं भांडत राहिली, एका गावात दोन-दोन मंडळ्या.

"आन् त्यांच्या लेकी?" शेवंताने विचारलं. "एका घरात आई इकडची आन् लेक तिकडची, असं झालं असंल की. त्यांचं काय झालं?"

"ते कुठे लिहिलेलं नाही गं."

"लिहायला पाहिजे व्हतं," ती म्हणाली.

संध्याकाळी मी तिला कृपाची भीती सांगितली. न्यायाच्या दिवशी मी आत आणि आई बाहेर, असं ती म्हणते. मला वाटलं, शेवंता रडेल. ती गव्हाच्या सुपाकडे पाहत राहिली.

"तिला म्हणा, मग मी बाहेर उभी राहीन. त्यात काय. ती गोरेगावच्या शाळेत व्हती तवा बी मी फाटकाभाईर उभीच राहायची ना. शाळा सुटून अंधार पडंपर्यंत."

रविवारी ती येईल तेव्हा तूच सांग, म्हटलं मी. काय दुर्बुद्धी झाली मला! चार घरांवर तर होती ती. जाऊन सांगायला किती वेळ लागला असता?

शनिवार

सकाळी मालनने हाक मारली. मी उठून गेले तोवर शेवंता गेलेली होती. सूप उशाशी, निवडलेले गहू एका बाजूला, न निवडलेले दुसऱ्या बाजूला.

कृपा धावत आली. अनवाणी, हात हळदीने पिवळे. दारात आली आणि तिथेच बसली. ती ओरडली नाही. "उद्या येणार व्हते ना मी," एवढंच म्हणाली, पुन्हा पुन्हा. "उद्या येणार व्हते ना."

अंघोळ घालायची वेळ आली. शेवंताकडच्या बायांनी पाणी तापवलं होतं. कृपा उठली. "मी घालते. तुमी बाहेर व्हा." बायांनी एकमेकींकडे पाहिलं, कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. मी म्हटलं, लेक आहे ती, चला. सगळ्या गेल्या. मी निघाले तर कृपा म्हणाली, "बाई, तुमी थांबा. पाणी काढून द्या."

तर मी बादलीपाशी बसून तांब्या भरून देत होते आणि ती आईला धूत होती. पाय, हात, पाठ. लहान लेकराला धुवावं तसं, कानामागूनसुद्धा. मग शेवटी तिने आईचं डोकं एका हातावर घेतलं, भरलेला तांब्या दुसऱ्या हातात उचलला आणि थांबली. मी समजले.

"येशूच्या नावानं," ती म्हणाली आणि पाणी ओतलं.

मेलेल्या माणसाला बाप्तिस्मा देत नाहीत. हे मी शिकवलेलं आहे. पहिल्या काळातल्या मंडळीनेही तो मना केला होता, तेही शिकवलेलं आहे. कृपाने माझ्याकडे पाहिलं.

"चुकलं का, बाई?"

या बाईने तेहतीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या. मी मान हलवली. "नाही गं." आणि तांब्या भरून परत तिच्या हातात दिला. तो तिने न बोलता ओतला. मी तिसरा भरून दिला. शेवंताचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिच्या डोक्यावर तीन नावांनी तीन ओंजळी पाणी घातलं होतं, हे कृपाला ठाऊक होतं. तोही तिने ओतला. मग आईच्या ओल्या केसांवर कपाळ टेकवून ती रडली. मी बादलीपाशी बसून रडले.

दुपारी शेवंताला तिच्या नवऱ्याशेजारी ठेवलं. तरुण पास्टरही आला होता. मला तो आवडणार नाही असं मी ठरवूनच होते, पण त्याने गुपचूप घमेलं उचलून माती ओढली आणि शेवटपर्यंत उन्हात उभा राहिला.

सोमवार, फाटा

तुम्हाला वाटत असेल की रविवारी दोन्ही मंडळ्या एकत्र बसल्या असतील. मलाही वाटलं होतं. नाही बसल्या. मालनने निवडलेल्या गव्हाचीच पोळी केली, आम्ही मोजकी माणसं त्या खोलीत बसलो, आणि चार घरांवरून गाणं ऐकू येत होतं. कृपाचा आवाज त्यात ओळखू येत होता. मी एक घास घेतला.

सोमवारी कृपा मला फाट्यापर्यंत सोडायला आली. माझी पिशवी तिच्या खांद्यावर. जीप यायला वेळ होता. बाभळीखाली उभ्या राहिलो.

"आईनं माझ्यासाठी काही सांगितलं व्हतं का?" तिने रस्त्याकडे पाहत विचारलं.

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितलं. मग मी बाहेर उभी राहीन, त्यात काय, फाटकाबाहेर उभीच राहायची ना, शाळा सुटून अंधार पडेपर्यंत.

कृपाने पिशवी खाली ठेवली.

"मला लाज वाटायची, बाई," ती म्हणाली. "बाकीच्या पोरींच्या आया येत न्हवत्या. म्हणून मी मागच्या भिंतीवरून उडी मारून घरी यायची. ती तिथंच. अंधार पडल्यावर यायची घरी. कधी बोलली न्हाई. मला वाटलं, मी चुकवते हे तिला कळलंच न्हाई."

जीप आली. ड्रायव्हर घाई करत होता. मी चढले, पिशवी आत घेतली. काचेतून मागे पाहिलं. कृपा निघाली नव्हती. जीप वळेपर्यंत ती फाट्यावर उभी होती.

लुगडं घरी येऊन धुतलं, उन्हात घातलं. कृपा म्हणाली होती तसा डाग फिकट झाला. पूर्ण गेला नाही, पण मी ते नेसते.